सर, आपण खरंच वर पोचलो होतो का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात (नाव, गाव, संस्था, शिखर, सगळं मुद्दाम गाळलंय): सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा हा २६ वर्षांचा मुलगा कॉलेजपासून एका गिर्यारोहण संस्थेत आहे. ज्यांना तो 'सर' म्हणतो त्यांनीच त्याला दोराची पहिली गाठ शिकवली, बेसिक-अ‍ॅडव्हान्स कोर्सला पाठवलं, एकदा फीसुद्धा स्वतः भरली. गेल्या वर्षी सर लीडर असताना ही टीम हिमाचलमधल्या एका ६००० मीटरच्या शिखरावर गेली. वरच्या धारेवर व्हाइटआउट झाला (धुकं-बर्फात सगळं पांढरं, पुढचं काहीच दिसेना), एका बर्फाच्या उंचवट्यावर सर म्हणाले 'पोचलो', झेंडा निघाला, फोटो झाले, सगळे सुखरूप उतरले. गावात मिरवणूक, फ्लेक्स, शाळेत भाषण, मोहिमेला पैसे देणाऱ्या पतसंस्थेत शाल-श्रीफळ. नंतर त्याने घड्याळातला ट्रॅक (चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद) नकाशावर टाकला तर खरा माथा त्याच धारेवर आणखी शंभरेक मीटर पुढे आणि वीसेक मीटर वर दिसतोय. यंदा कोलकात्याच्या एका टीमचे स्वच्छ हवेतले फोटो आले आणि कुणीतरी विचारलं, की तुमचा फोटो माथ्यावरचा वाटत नाही. सरांनी 'घरी बसून बोलणाऱ्यांना उत्तर देत नाही' म्हणून विषय मिटवला. आता याच चढाईवर ते राज्य पुरस्कारासाठी अर्ज करतायत. मुलगा विचारतो: बोललो तर गद्दार, गप्प बसलो तर खोटारडा. डोंगरात नम्र राहायला शिकवलं, मग मोठ्यांपुढे गप्प राहणं हीच नम्रता ना? आणि वीस मीटरने असा काय फरक पडतो? ता. क. पुढच्या वर्षीच्या सात हजारी मोहिमेच्या यादीत त्याचं नाव नाहीये.

उत्तर

मित्रा, आधी ते वीस मीटर बघू, कारण तुझा सगळा गुंता तिथेच अडकलाय.

१९५५ साली २५ मेला जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे दोघं कांचनजुंगाच्या माथ्याखाली काही फुटांवर पोचले आणि थांबले. दमले म्हणून नाही, हवा बिघडली म्हणून नाही. सिक्कीमच्या राजाला शब्द दिला होता, की हा डोंगर तुमच्यासाठी पवित्र आहे, आम्ही माथ्यावर पाय ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातले आणखी दोघं वर गेले, तेही तसेच थांबले. जगातल्या तिसऱ्या उंच शिखराची पहिली चढाई आजही त्यांच्याच नावावर आहे, कुणी हरकत घेत नाही, कारण खाली आल्यावर त्यांनी कुठे थांबलो ते तसंच्या तसं सांगितलं.

आता दुसरं टोक बघ. नेपाळमधलं मनासलू, ८१६३ मीटर. तिथे माथ्याच्या अलीकडे धारेवर एक टोक आहे, तिथपर्यंत जायचं, फोटो काढायचा, परत फिरायचं, ही वर्षानुवर्षांची वहिवाट झालेली. पुढची धार अवघड आणि फिक्स रोप (आधीच बांधून ठेवलेला दोर) तिथेच संपायचा, मग कोण जातंय पुढे. २०२१ च्या शरद मोसमात नेपाळचा शेर्पा गिर्यारोहक मिंग्मा जी आणि त्याची टीम बाजूच्या उतारावरून आडवी जाऊन खऱ्या माथ्यावर चढली आणि त्याच वेळी एका गिर्यारोहकाने ड्रोनमधून फोटो काढला. एकाच फोटोत अलीकडच्या टोकावर थांबलेली माणसं आणि त्यांच्या पलीकडे, वर, माथ्याकडे चाललेली माणसं. वादच मिटला. २०२२ पासून हिमालयन डेटाबेसने, म्हणजे नेपाळ हिमालयातल्या चढायांची नोंद ठेवणाऱ्यांनी, ठरवलं, की मनासलूचं श्रेय फक्त खऱ्या माथ्यालाच. आधीच्या कितीतरी जणांना यात कुणी लबाड म्हटलं नाही, फक्त अलीकडचं टोक ते अलीकडचं टोक अशी नोंद व्हायला लागली.

म्हणजे फरक मीटरने पडत नाही रे, सांगितलं काय आणि होतं काय यातल्या अंतराने पडतो. तुमच्या बाबतीत ते अंतर किती आहे हे अजून तुलाही नीट माहीत नाहीये, त्याच्यावर येतेच मी.

पण आधी 'खोटारडा' हा शब्द जरा बाजूला ठेव. आपल्याकडे अशा विषयात लगेच २०१६ ची ती एव्हरेस्टची केस डोळ्यासमोर येते, पुणे पोलिसातलं दांपत्य, दुसऱ्या एका भारतीय गिर्यारोहकाच्या फोटोत फेरफार करून माथा गाठल्याचा दावा, मग नेपाळची चौकशी, सर्टिफिकेट रद्द, १० वर्षं बंदी, आणि २०१७ मध्ये नोकरीतून बडतर्फी. ते प्रकरण वेगळं. तिथे फोटोच बनवलेला होता. तुमचे सर व्हाइटआउटमध्ये उभे होते, पुढे काहीच दिसत नव्हतं, त्या उंचीला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असतो आणि अशा वेळी पायाखालची जमीन चारी बाजूंनी उतरल्यासारखी वाटली की डोकं सुटकेचा नि:श्वास टाकतं, 'झालं'. तू पण तिथेच होतास. तुला तेव्हा शंका आली होती का? पत्रात तसं कुठे लिहिलेलं नाहीयेस, म्हणून विचारते. नसेल आली तर त्या दिवशी तुम्ही कुणीच खोटं बोलला नाहीत, चुकलात, बस.

पोलंडचा माचेय बेर्बेका १९८८ च्या हिवाळ्यात काराकोरममधल्या ब्रॉड पीक या आठ हजारी (म्हणजे आठ हजार मीटरवरच्या) शिखरावर असाच एकटा वादळी हवेत अलीकडच्या टोकावर पोचला आणि हाच माथा समजून परतला. खरा माथा धारेवर आणखी पुढे होता, हे त्याला खाली आल्यावर नंतर कळलं. त्याला कुणी फसवा म्हणत नाही. २५ वर्षांनी, २०१३ मध्ये, तो त्याच डोंगरावर हिवाळ्यातच परत गेला, माथा गाठला, आणि उतरताना गेला. (हे 'तूही परत जा' म्हणून सांगत नाहीये हं. उलट माथ्याचं ओझं माणूस किती वर्षं वाहू शकतो ते बघ म्हणून सांगतेय.) अमेरिकेचा एड वीस्टर्स १९९३ मध्ये तिबेटमधल्या शिशापांग्माच्या मधल्या टोकावरून फिरला, मुख्य माथा थोडाच पुढे होता, पण ती धार त्याला धोक्याची वाटली. बाकीची आठ हजारी शिखरं करत राहिला आणि २००१ ला तिथे पुन्हा जाऊन हिशोब पूर्ण केला. याच वीस्टर्सला गिनीजवाल्यांनी २०२३ मध्ये जगातली चौदाही आठ हजारी शिखरं खऱ्या माथ्यापर्यंत करणारा पहिला म्हणून जाहीर केलं, कारण तोवर पहिला मानला गेलेला इटलीचा राइनहोल्ड मेसनर अभ्यासकांच्या मते १९८५ मध्ये अन्नपूर्णेवर उंचीने ५ मीटर कमी पडला होता. वीस्टर्स म्हणाला, पहिला मेसनरच. एवढा मोठा किताब घरी चालत आला आणि माणसाने परत पाठवला.

बरं, आता तुझा तो प्रश्न, गप्प राहणं म्हणजे नम्रता का.

मला वाटतं ही समजूत आपल्या क्लबांच्या वातावरणातून आलीये. आपल्याकडे गिर्यारोहण हे कायम कुणीतरी सर, कुणीतरी दादा, काका यांच्या जिवावर उभं राहिलंय, पैसे नाहीत, सामान नाही, सुट्टी नाही, आणि तरी एक माणूस पदरमोड करून पोरांना सुळक्यांवर नेतो, त्यामुळे त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही हे अंगात मुरतं. बिलेवर, म्हणजे दोराने एकमेकांना सांभाळत असताना, ते योग्यच आहे, लीडर म्हणाला फिरा की फिरायचं, तिथे चर्चासत्र नको. पण खाली उतरल्यावरही तोच नियम चालू ठेवला की मग सरांना त्यांची चूक सांगणारं कुणी उरतच नाही. ज्या माणसाने तुला गाठ तपासायला शिकवलं त्याची गाठ सुटलेली दिसली तर तू काय करशील? सांगशीलच ना.

आणि 'घरी बसून बोलणारे' हे उत्तर तर फारच तकलादू. एलिझाबेथ हॉली नावाची बाई १९६० पासून काठमांडूत राहिली, स्वतः कधी एकही शिखर चढली नाही, आणि पन्नास-एक वर्षं हिमालयात जाणाऱ्या बड्याबड्यांना तिच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागलं. आपल्या निळ्या बीटल गाडीतून हॉटेलवर यायची, जाताना एकदा, येताना एकदा, आणि विचारायची: कुठून गेलात, किती वाजता पोचलात, वरून काय दिसलं, उभं राहायला जागा किती होती. हिमालयन डेटाबेस उभा राहिला तो याच चौकशांवर. कोरियाच्या ओ उन-सुनने २०१० मध्ये चौदाही आठ हजारी करणारी पहिली बाई असल्याचं जाहीर केलं तेव्हा तिच्या २००९ च्या कांचनजुंगावर प्रश्न आले, माथ्याचा स्पष्ट फोटो नव्हता. हॉलीबाईंनी तिला खोटी ठरवलं नाही की खरीही, नोंदीपुढे 'वादग्रस्त' लिहिलं. नंतर कोरियाच्याच गिर्यारोहण महासंघाने ती बहुधा माथ्यावर पोचली नव्हती असं म्हटलं.

हे तुला सांगतेय कारण तू स्वतःला दोनच रकाने दिलेस, गद्दार आणि खोटारडा. तिसरा रकाना असतो. 'आम्ही या बिंदूपर्यंत गेलो, तेव्हा माथा वाटला, आता शंका आहे.' एवढं वाक्य बोलायला सरांवर आरोप करावा लागत नाही की त्यांना वाचवावंही लागत नाही.

चिडून ताणून धरलं की काय होतं त्याचाही नमुना आहे. इटलीच्या चेझारे माएस्त्रीने १९५९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियातला सेरो तोरे हा सुळका चढल्याचं सांगितलं, सोबतचा टोनी एगर उतरताना गेला, कॅमेरा त्याच्याबरोबर गेला. लोकांनी शंका घेतली. हा इतका भडकला की १९७० मध्ये खडकात भोकं पाडायला कॉम्प्रेसर घेऊन त्याच डोंगरावर गेला आणि शेकडो बोल्ट ठोकत वर चढला, आणि तरीसुद्धा अगदी वरच्या बर्फाच्या टोपीवर गेला नाही, का तर म्हणे तो डोंगराचा भागच नाही, एक दिवस पडेल. २००५ मध्ये तिघं जण त्याने सांगितलेल्या वाटेने चढले, खालच्या टप्प्यानंतर वर त्याच्या कुठल्याच खुणा नाहीत. २०२१ मध्ये वारला तोपर्यंत हा वाद त्याच्या मानेवर बसलेलाच होता. इतका दमदार क्लायंबर, आणि लोकांना त्याचं काय आठवतं तर ते भांडण.

आता काय करायचं ते सांगते.

पहिलं, तुझा ट्रॅक म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. घड्याळाची उंची हवेच्या दाबावरून येत असेल तर हवा बिघडल्यावर ती सरकते, आणि जीपीएसवरून येत असेल तरी उंचीतली चूक आडव्या अंतरातल्या चुकीपेक्षा मोठी असते. ज्या नकाशावर तू तो टाकलास त्याचा भूभागही अरुंद धारेवर बऱ्यापैकी ढोबळ असतो. म्हणून 'वीस मीटर वर' हे सध्या विसर, 'शंभर मीटर पुढे' याच्याकडे बघ, आडवी जागा जास्त भरवशाची. मूळ फाइल जशीच्या तशी सेव्ह करून ठेव, फोटोंच्या मूळ फाइलीही, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या नकोत, त्यातली वेळ बऱ्याचदा उडालेली असते. मग दोरावरच्या इतरांपैकी कुणाच्या फोनमध्ये वेगळा ट्रॅक आहे का बघ. आणि कोलकात्याच्या टीमला साधा मेसेज कर, भांडण नाही, 'तुमचा ट्रॅक मिळेल का आणि माथ्यावरून आलेल्या धारेकडे मागे बघून काढलेला फोटो आहे का'. त्या फोटोत तुमचा उंचवटा खाली दिसला तर विषय संपला. आणि तुम्ही बरोबर असाल तर तेही त्यातच कळेल, तीही शक्यता आहे, ती तू धरलेलीच नाहीस!

तुमच्याबरोबर वरपर्यंत आलेला स्थानिक सपोर्टचा माणूस असेल तर त्याला विचार. तो कदाचित आधीही गेला असेल तिथे. आपण त्याला फोटोत घेतो आणि प्रश्न विचारायला विसरतो, हे आपलं नेहमीचंच.

दुसरं, तुझा ता. क. मित्रा, यादीत नाव नाही हे तू सहज लिहिल्यासारखं लिहिलंयस, पण ते सहज नाहीये. मी तुझ्या हेतूवर शंका घेत नाही, पण लोक घेणार, आणि कदाचित रात्री झोपताना तूही घेशील. ट्रॅक तर तुझ्याकडे गेल्या वर्षीपासून आहे. मग आत्ताच का? याचं उत्तर आधी स्वतःशी दे. 'पुरस्काराचा अर्ज जातोय म्हणून' हे उत्तर चांगलं आहे. 'मला वगळलं म्हणून' हे उत्तर असेल थोडंसं, तर असू दे, माणूस आहेस, पण मग सरांशी बोलताना ते तूच आधी काढ. 'यादीचं मला वाईट वाटलंय सर, तो विषय वेगळा, हा वेगळा.' दुसऱ्याने काढलं की तुझा ट्रॅक, तुझे फोटो सगळं गेलं वाऱ्यावर.

तिसरं, सरांना एकट्याने भेट. ग्रुपवर नाही, संस्थेच्या मीटिंगमध्ये नाही, इतर चौघांना घेऊन तर मुळीच नाही, तो घेराव होतो. त्यांच्या घरी जा, लॅपटॉप घेऊन, आणि निकाल सांगू नकोस, प्रश्न विचार. 'सर, हा माझा ट्रॅक, हा त्यांचा. मला हे जुळत नाहीये. आपण खरंच वर पोचलो होतो का?' यात 'आपण' महत्त्वाचं, कारण झेंडा धरलेल्या फोटोत तूही आहेस, शाल तूही घेतलीस. ते चिडतील. चिडू दे. त्या दिवशी उत्तर मागू नकोस, दोन-चार दिवस दे. बऱ्याच मोठ्या माणसांना 'हो रे, मलाही वाटलं होतं' म्हणायला एक रात्र लागते, आणि माझा अंदाज आहे की तुमच्या सरांना ते वाटलेलं असणार.

ते तयार झाले तर काम सोपं आहे. परवानगी आयएमएफकडून (इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशन) घेतली असेल तर तिथे मोहिमेचा रिपोर्ट गेला असेल, त्याला दुरुस्तीचं पत्र जोडायचं, संस्थेच्या लेटरहेडवर, चार ओळी: व्हाइटआउट, अमुक बिंदूपर्यंत गेलो, माथा समजलो, आता तसं वाटत नाही. तीच चार वाक्यं कोलकात्याच्या टीमला. बघ, यात कुणाचं नाक कापलं जात नाही. उलट अशी पत्रं आपल्याकडे इतकी कमी जातात की ज्यांना डोंगर कळतो ते मानच देतील. गावातल्या लोकांचं तुला वाटतं तेवढं अवघड नाहीये, त्यांना धार आणि माथा यातलं अंतर तसंही दिसत नाही, त्यांनी मिरवणूक काढली ती पोरं जिवंत परत आली म्हणूनही होती. एकदोघं टोमणे मारतील. मारू देत.

ते तयार झाले नाहीत तर? मग तुझ्या हातात जेवढं आहे तेवढं कर आणि त्यापुढे जाऊ नकोस. तुझ्या बायोडेटात, तुझ्या प्रोफाइलवर, पुढच्या कोर्सच्या किंवा मोहिमेच्या फॉर्मवर 'शिखराच्या धारेवर, माथ्याच्या अलीकडे' असं लिही. कुणी सरळ विचारलं तर सरळ सांग, कुणी विचारलं नाही तर चौकाचौकात सांगत फिरू नकोस. सोशल मीडियावर 'सत्य बाहेर आलंच पाहिजे' छापाची पोस्ट तर अजिबात नको, तिथे तुझ्या ट्रॅकपेक्षा सरांच्या जातीपासून संस्थेच्या हिशोबापर्यंत सगळं निघेल.

पण पुरस्काराच्या अर्जाला हे लागू नाही. तिथे गप्प बसता येणार नाही, कारण तो सरकारी कागद आहे, त्यावर दुसऱ्या कुणाची तरी संधी जाते आणि बहुतेक तुझी साक्ष किंवा फोटोही जोडला जाईल. हरियाणाच्या एका गिर्यारोहकाचं नाव २०२० मध्ये केंद्र सरकारच्या तेनझिंग नोर्गे साहस पुरस्कारासाठी निघालं, त्याच्या २०१६ च्या एव्हरेस्टवर सहकाऱ्यांनीच प्रश्न उठवले, पुरस्कार थांबला, आणि २०२१ मध्ये नेपाळने बंदी घातली. बंदी संपल्यावर २०२२ मध्ये त्याने एव्हरेस्ट चढून दाखवलंही. पण आधीच्या अर्जाने जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. सरांना हेच सांग: 'सर, बाकी पंचवीस वर्षांचं काम आहे तुमचं, पोरं घडवलीत, त्यावर अर्ज करा, ही चढाई गाळा किंवा जशी झाली तशी लिहा. माझं नाव आणि फोटो माथा गाठला म्हणून मात्र जोडू नका.' तोंडी सांग आणि दुसऱ्या दिवशी साध्या मेसेजमध्ये लेखीही दे. यात तू त्यांच्याविरुद्ध तक्रार करत नाहीयेस, स्वतःची सही काढून घेतोयस, तो तुझा हक्क आहे.

तुझ्यासारखी पत्रं अधूनमधून येतात म्हणून इतरांसाठीही जाता जाता: माथा कशाला म्हणायचं हे बेस कॅम्पला ठरवा, वर डोकं चालत नाही. दिसत नसेल तर रिपोर्टमध्ये 'दिसत नव्हतं' लिहा. झेंड्याच्या फोटोआधी चारी दिशांचे चार फोटो काढा, बर्फात नुसते चार पांढरे आले तरी चालतील. आणि सह्याद्रीतल्या मंडळींनो, एखाद्या सुळक्यावर 'प्रथम चढाई' लिहिण्याआधी पुण्या-मुंबई-नाशिकच्या जुन्या संस्थांमध्ये दोन फोन करा, वर गंजलेला पिटॉन (खडकाच्या भेगेत ठोकलेली जुनी खुंटी) सापडला तर तो फोटोतून वगळू नका, आणि बोल्टला धरून चढलात की हाताने, तेही लिहा. एवढ्याने निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत.

शाळेतल्या मुलांचं तू विचारलं नाहीस पण भाषणाचा उल्लेख केलास, म्हणून. पुन्हा बोलावलं तर जा, आणि पुढची धार दिसतच नव्हती हेही सांग, मुलांना ते जास्त आवडेल. आणि पतसंस्थेच्या चेअरमनना तू परस्पर जाऊन सांगू नकोस. पैसे सरांच्या शब्दावर मिळाले होते, तिथे आधी सरांनी जायला हवं. ते नाहीच म्हणाले तर 'मग मी जातोय सर' असं त्यांना सांगून जा.